संगीताच्या प्राथमिक संज्ञा व जुनीं बाडें

सन १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं जी शिक्षणपरिषद भरली, तिचा वृत्तांत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परिषदेनें नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपला अहवाल सादर केला, आणि तेव्हांपासून ‘वर्धा योजना’ हें नांव सर्वतोमुखीं झालें. सूत व तकली यांच्या वादांत त्या अहवालांतील एक लहानसें प्रकरण मात्र फारसें कोणी वाचलें नाहीं. सात वर्षांच्या त्या अभ्यासक्रमांत मातृभाषा, गणित, सामान्य विज्ञान इत्यादिकांबरोबर संगीत हाहि विषय होता. मुलांना चांगलीं गाणीं यावीं, समुदायानें गातां यावीं, आणि हातानें ताल धरण्याची संवय व्हावी, एवढीच त्यांत अपेक्षा होती. स्वर म्हणजे काय, श्रुति किती, ग्राम कशास म्हणावें, असल्या व्याख्या मुलांकडून पाठ करून घेण्याचा हेतु त्यांत नव्हता.

पुढें झालें तें निराळें. संगीताच्या परीक्षा गांवोगांव पसरल्या, आणि वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील विद्यार्थीहि इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांप्रमाणें वहीच्या पहिल्या चार पानांवर ‘नाद’, ‘श्रुति’, ‘स्वर’, ‘सप्तक’, ‘थाट’, ‘राग’, ‘लय’, ‘मात्रा’, ‘सम’, ‘खाली’ यांच्या व्याख्या उतरून काढूं लागले. त्या व्याख्या अशा ओळीनें लिहिलेल्या असतात, कीं जणूं त्या सर्व एकाच काळीं एकाच पंडितानें ठरविल्या. वास्तविक त्यांतील कांहीं शब्द सातशें वर्षांपूर्वीचे, कांहीं तीनशें वर्षांपूर्वीचे, तर कांहींचा आजचा अर्थ जेमतेम दोन शतकांचा आहे. गवयाचें यांत कांहीं अडत नाहीं, तो गातो. परंतु ज्यांच्या हातीं जुनीं बाडें व पोथ्या येतात त्यांचें पदोपदीं अडतें. संगीतविषयक जुनें हस्तलिखित आजच्या वहींतील अर्थानें वाचलें तर तें चुकीचें वाचलें जातें, व चूक झाली आहे हें वाचणाराच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून या संज्ञांचें वय थोडें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वहींतील शास्त्रीय वाटणाऱ्या बहुतेक व्याख्यांचें मूळ देवगिरीस आहे. यादव सिंघण (सुमारें इ. स. १२१० ते १२४६) याच्या पदरीं शार्ङ्गदेव हा राज्याच्या हिशेबाच्या दप्तरावरील अधिकारी होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेंत आला, आणि बाप सोढल यादवांच्या सेवेंत शिरला. अशा घराण्यांतील या कारकुनी पेशाच्या पंडितानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे अध्याय सात: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नर्तन. हिशेबी माणसाचा नीटनेटकेपणा ग्रंथभर दिसतो, असें आम्हांस नेहमीं वाटतें. गीत, वाद्य व नृत्य या तिहींस मिळून संगीत म्हणावें. नाद आहत व अनाहत असा द्विविध. हृदयांत मंद्र, कंठांत मध्य, मस्तकांत तार. हीं सर्व वाक्यें विद्यार्थी आज जशीं पाठ करतो तशीं तीं या ग्रंथांत सांपडतात. त्यावर चौदाव्या शतकांत सिंहभूपालानें व पंधराव्यांत विजयनगराच्या आश्रयास असलेल्या कल्लिनाथानें टीका केल्या. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ मध्यें कल्लिनाथाच्या टीकेसह तो छापला, तेव्हांपासून पोथीवांचून त्याचा अभ्यास शक्य झाला.

आतां खरी अडचण ज्या शब्दापाशीं आहे त्याकडे वळूं. तो शब्द ‘शुद्ध’.

शार्ङ्गदेवाच्या मतें सप्तकांत २२ श्रुति. षड्जाच्या ४, ऋषभाच्या ३, गांधाराच्या २, मध्यमाच्या ४, पंचमाच्या ४, धैवताच्या ३ आणि निषादाच्या २. हे आंकडे आजच्या प्रत्येक वहींतहि असेच आहेत, आणि फसगत होते ती यामुळेंच. जुन्या ग्रंथकारांनीं प्रत्येक स्वर त्याच्या वांट्याच्या श्रुतींपैकीं शेवटच्या श्रुतीवर ठेवला. म्हणजे षड्ज ४ थ्या, ऋषभ ७ व्या, गांधार ९ व्या, मध्यम १३ व्या, पंचम १७ व्या, धैवत २० व्या व निषाद २२ व्या श्रुतीवर. आजचे ग्रंथकार तोच स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवितात. म्हणजे अनुक्रमें १, ५, ८, १०, १४, १८ व २१. वांटणी तीच राहिली, जागा मात्र बदलल्या. वाचकानें बोटांवर मोजून पाहावें. जुन्या मांडणींत षड्जापासून गांधार पांच श्रुतींवर येतो, नव्या मांडणींत सातांवर. जुन्या मांडणींत निषादापासून वरचा षड्ज चार श्रुति दूर, नव्या मांडणींत दोनच. तात्पर्य, जुना शुद्ध गांधार व शुद्ध निषाद हे आज ज्यांस आपण कोमल म्हणतों ते होत. जुनें शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचें आहे, आणि आजचें शुद्ध सप्तक बिलावलाचें.

ही केवळ आंकड्यांची करामत नव्हे, हें सतराव्या शतकांतील अहोबलाच्या ‘संगीतपारिजाता’वरून दिसतें. त्यानें वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वर कोठें वाजतात तें सांगितलें. तार ३६ भागांची धरली तर तार षड्ज १८ वर, मध्यम २७ वर, पंचम २४ वर, आणि षड्ज व पंचम यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३० वर, गांधार येतो. ज्याच्या घरीं सतार किंवा नुसती एक ताणलेली तार असेल त्यानें ३६ चे ३० करून वाजवून पाहावें. कानावर पडतो तो कोमल गांधार, आणि पोथी मात्र त्यास शुद्ध म्हणते.

आम्हीं स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वीं एका पोथीचें टिपण करितांना ‘शुद्ध गांधार’ हे शब्द जसेच्या तसे घेऊन एका रागाचें रूप बिलावलाप्रमाणें मांडलें होतें. तें टिपण छापलें गेलें नाहीं हें आमचें भाग्य. एका वृद्ध बीनकारानें तें वाचून, हा राग असा कोणी कधीं गायिला असेल काय, एवढेंच विचारलें, आणि आम्ही पुनः श्रुति मोजावयास बसलों.

शुद्ध सप्तक बिलावलाचें धरण्याची रीत पाटण्याच्या मुहंमद रझा यांच्या ‘नग्मात-इ-आसफी’ (१८१३) या फारसी ग्रंथांत स्पष्टपणें आढळते. महाराष्ट्रांत तिला ग्रंथांचें पाठबळ दिलें तें विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनीं. त्यांचें गायनाविषयींचें मत कोणास पटो वा न पटो, हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं त्यांचें ऋण मानलें पाहिजे. १९०४ मध्यें ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. एट्टयापुरम् येथें सुब्बराम दीक्षितांकडून त्यांनीं व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत मिळविली. रामामात्याचा ‘स्वरमेलकलानिधि’ (१५५०), लोचनाची ‘रागतरंगिणी’, बऱ्हाणपुरास फारुकी राजांच्या आश्रयानें राहिलेल्या पुंडरीक विठ्ठलाचा ‘सद्रागचंद्रोदय’, असे ग्रंथ त्यांनीं मिळविले व छापविले. १९१० मध्यें त्यांनीं ‘चतुरपंडित’ या नांवानें ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षीं मराठींत गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ काढण्यास प्रारंभ केला. तिचा चौथा भाग १९३२ सालीं बाहेर पडला. या मराठी ग्रंथांतहि ‘तीव्र गांधार’ असा शब्द येतो. तेथें आजचा शुद्ध गांधार समजावा. म्हणजे छापील पुस्तकेंहि या फसव्या शब्दांपासून मुक्त नाहींत.

‘थाट’ हा शब्द वाद्य वाजविणारांचा आहे. सतारीचे पडदे ज्या रीतीनें लावून ठेवावयाचे त्या मांडणीस थाट किंवा ठाठ म्हणत. संस्कृत ग्रंथकारांचा शब्द ‘मेल’. शार्ङ्गदेव मेलांत राग बसवीत नाहीं. त्याच्या येथें ग्राम व मूर्च्छना आहेत. मेलांची व्यवस्था त्यानंतरची, आणि तिची भरभराट दक्षिणेंत झाली. व्यंकटमखीनें ७२ मेल मोजले. तंजावरचे भोसले राजे तुळजाजी (कारकीर्द १७२८-३६) यांनीं ‘संगीतसारामृत’ लिहिलें तेंहि मेलांच्याच आधारानें, ही गोष्ट मराठी वाचकांनीं विसरूं नये. भातखंड्यांनीं बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी असे दहा निवडले, आणि ते आज प्रत्येक वहींत आहेत. तेव्हां एखाद्या पोथींत ग्राम-मूर्च्छना असतील तर विचारसरणी एक. मेल असतील तर दुसरी. दहा थाट असतील तर तें लिखाण १९१० च्या अलीकडचें, मग कागद कितीहि पिवळा असो.

विकृत स्वरांच्या नांवांचाहि असाच उपयोग होतो. ‘अंतर गांधार’, ‘काकली निषाद’, ‘च्युत षड्ज’ हीं रत्नाकराच्या परंपरेचीं नांवें. ‘कोमल’, ‘तीव्र’, ‘तीव्रतर’ अशी चढती भाषा असेल तर अहोबलाची छाया समजावी. अर्थात् ग्रंथाचें वय व प्रतीचें वय हीं निराळीं, आणि एकोणिसाव्या शतकांतील नकलनवीसहि तेराव्या शतकांतील शब्द इमानानें उतरून ठेवतो, हें येथें सांगण्याची गरज नाहीं.

तालाच्या संज्ञांची हकीकत निराळी आहे. येथें शब्द टिकले आणि वस्तु हळूहळू बदलली. वर्धा योजनेनें मुलांस हातानें ताल धरावयास सांगितलें, आणि शार्ङ्गदेवाचा ताल मुळांत हाताचाच आहे. त्याच्या ग्रंथांत हाताच्या क्रिया दोन प्रकारच्या: सशब्द व निःशब्द. टाळी वाजते ती सशब्द. तींत ध्रुव, शम्या, ताल व संनिपात असे चार भेद असून ‘ताल’ हें त्यांतील एका टाळीचेंहि नांव आहे. हात नुसता फिरतो, आवाज होत नाहीं, ती निःशब्द. तिचे भेद आवाप, निष्क्राम, विक्षेप व प्रवेशक. आजची ‘खाली’ म्हणजे या निःशब्द क्रियेचीच वंशज. ‘सम’ ही संज्ञा मात्र त्या काळीं जागेची नव्हती. गीत व ताल यांचा आरंभ एकदमच झाला तर तो सम ग्रह, गीत आधीं वा मागाहून सुरू झालें तर अतीत किंवा अनागत, असा तो संबंधाचा शब्द होता. आज सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. ‘मात्रा’ देखील घसरली आहे. मार्गतालांत पांच लघु अक्षरें उच्चारण्यास लागणारा काळ हें तिचें ठराविक माप होतें. आज विलंबित ख्यालाची मात्रा व द्रुत तराण्याची मात्रा यांची लांबी एक नाहीं, आणि विद्यार्थी दोहोंस मात्राच म्हणतो. आम्हांस यांत दोष दिसत नाहीं. शब्दानें कालाबरोबर चाललें पाहिजे. वाचणाऱ्यानें मात्र कोणत्या कालांत उभे आहों हें विसरतां कामा नये.

येथें संग्राहकांच्या एका सामान्य दुर्लक्षाविषयीं लिहिणें प्राप्त आहे. संस्कृत पोथी मिळाली कीं आम्ही ती रेशमी फडक्यांत गुंडाळतों. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील गायनाची शाळकरी वही मिळाली तर ती रद्दींत जाते. वर्धा जिल्ह्यांत तरी असें होऊं नये. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे १९१८ मध्यें साबरमतीच्या आश्रमांत आले, त्यांनीं ‘आश्रम भजनावलि’ सिद्ध केली, १९३० च्या दांडीयात्रेंत ते होते, आणि १९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा येथें त्यांचा अंत झाला. गांधीजी १९३४ पासून वर्ध्यास व १९३६ पासून शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहूं लागल्यावर ती भजनावलि येथील प्रार्थनेंत नित्याची झाली. एकीकडून विष्णु दिगंबरांचें हें वळण आणि दुसरीकडून भातखंड्यांचीं क्रमिक पुस्तकें, असे दोन प्रवाह विदर्भांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोंचले, आणि दोहोंच्या स्वरलेखनाचीं चिन्हें एकमेकांशीं जुळत नाहींत.

तीं नुसतीं निराळीं असतीं तर चिंता नव्हती. तीं उलटीं आहेत. भातखंडे पद्धतींत स्वराच्या डोक्यावर बिंदु म्हणजे तार सप्तक. विष्णु दिगंबरांच्या पद्धतीच्या प्रचलित रूपांत डोक्यावर बिंदु म्हणजे मंद्र. भातखंड्यांची डोक्यावरील उभी रेघ मध्यमाचें तीव्रत्व दाखविते, दुसरीकडे तीच रेघ तार सप्तक दाखविते. कोमल स्वराखालीं एकानें आडवी रेघ दिली, दुसऱ्यानें हलन्त चिन्ह. तालांत तर गंमतच आहे. भातखंडे समेस × व खालीस ० लिहितात; विष्णु दिगंबर समेस १ व खालीस + लिहितात. घाईनें लिहिलेल्या वहींत × व + यांत भेद तो काय उरणार! एकाची सम ती दुसऱ्याची खाली होते, आणि बंदिश अर्ध्या आवर्तनानें सरकते. म्हणून अशी वही हातीं आली असतां प्रथम तालाच्या ओळींत ० आहे कीं १ आहे हें पाहावें. पद्धति त्यावरून ठरते, व बाकीचीं चिन्हें मग आपोआप उलगडतात. वहीच्या वेष्टनावर ही पद्धति लिहून ठेवण्याची आमची विनंति आहे.

जुन्या भजनी बाडांकडे वळलें असतां एक चिन्ह प्रत्येक पदांत दिसतें, तें दोन दंडांमधील ‘धृ’. पहिलें चरण झालें कीं ॥ धृ ॥, आणि मग १, २, ३ असे आंकडे. सर्वांच्या परिचयाचें असल्यानें त्याकडे कोणी पाहत नाहीं. रत्नाकरांत प्रबंधाचे चार अवयव सांगितले आहेत: उद्ग्राह, मेलापक, ध्रुव व आभोग. मेलापक, आभोग कांहीं प्रबंधांत गळतात, ध्रुव कधीं गळत नाहीं; म्हणूनच तो ध्रुव. ‘अंतरा’ हा अवयव कांहीं विशिष्ट प्रबंधांपुरता होता. कालांतरानें प्रबंध मागें पडला, ध्रुपद पुढें आलें आणि त्याचे स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे भाग झाले. उद्ग्राह व मेलापक यांचें नांवहि विद्यार्थ्यास उरलें नाहीं, अंतऱ्याचा मात्र भाग्योदय झाला. ध्रुव हा गाण्याच्या प्रकाराच्या नांवांत शिरला आणि महाराष्ट्रांत दोन दंडांमध्यें जाऊन बसला. शुद्ध लेखन ‘ध्रु’ असें पाहिजे. लेखकांनीं ‘धृ’ केलें आणि तेंच रूढ झालें. आम्हांस हें अशुद्ध रूप दुरुस्त करावेंसें वाटत नाहीं. बाडाचें संपादन करितांना कोणीं तें ‘ध्रु’ केलें तर एका लेखनपरंपरेची खूणच पुसली जाईल.

पदाच्या माथ्यावर जें लिहितात तेंहि पाहण्यासारखें असतें. कोठें रागाचें नांव, कोठें ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचे आरंभींचे शब्द, आणि अलीकडील भजनांत ‘तर्ज’. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या (१९०९-६८) भजनांच्या पुस्तकांत ‘तर्ज’ हाच शब्द आहे. राग हा शास्त्राचा शब्द, चाल हा मराठी माणसाचा, तर्ज हा हिंदुस्थानींतून आलेला. तिघेहि एकाच जागेवर बसतात, आणि भजन कोणत्या मंडळींतून आलें हें त्यांतल्या एकावरून पुष्कळदां कळतें.

परीक्षेच्या पुस्तकांवर आमचा एक आक्षेप आहे, तो येथेंच नोंदवितों. त्यांत ग्राम, मूर्च्छना यांच्या व्याख्या आहेत, ज्या विद्यार्थ्यास जन्मांत एकदांहि वापराव्या लागत नाहींत. परंतु शार्ङ्गदेवाच्या प्रबंधाध्यायांत जे दोन शब्द आमच्या घरांतले आहेत त्यांचा उल्लेखहि नाहीं. एक ‘धवल’, म्हणजे मंगलप्रसंगीं गावयाचा प्रबंध. रत्नाकरानंतर अर्धें शतक लोटण्याच्या आंत, वर्धा नदीच्या पलीकडे रिद्धपुरास, महानुभाव पंथांतील महदंबेनें श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नाच्या कौतुकांत ‘धवळे’ गायिले. त्यांस मराठींतील आद्य स्त्रीकाव्य म्हणून आपण ओळखतों, पण ‘धवळा’ ही संगीताची संज्ञा होती हें वाङ्मयाचा विद्यार्थी जाणत नाहीं, आणि संगीताच्या विद्यार्थ्यास धवळे ठाऊक नसतात.

दुसरा शब्द ‘ओवी’. शार्ङ्गदेवानें तिला प्रबंधांत घेतलें आहे. त्याच्याहि सुमारें शंभर वर्षें आधीं कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें ‘मानसोल्लासां’त, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, अशी नोंद करून ठेविली. कांडणाच्या मुसळाचा व जात्याच्या खुंट्याचा ताल हातानेंच धरावयाचा असतो. वर्धा व आर्वी तालुक्यांतील ज्या घरांत अजून कोणी आजीबाई दळणाच्या ओव्या म्हणूं शकतात, तेथें जाऊन त्या त्यांच्या चालीसकट उतरून घ्याव्या, आणि उतरतांना चिन्हें कोणत्या पद्धतीचीं वापरलीं तें पहिल्या पानावर लिहावें.